नकोशा गाडीचा मालक

अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातल्या वॉशिंग्टन राज्यात कुणीतरी जुनं घर विकत घेतं. घराबरोबर एक-दीड एकर जमीन येते, आणि जमिनीच्या मागच्या कडेला, ब्लॅकबेरीच्या काटेरी जाळीत अर्धा बुडालेला एक ट्रॅव्हल ट्रेलर. आधीच्या मालकानं तो तिथंच सोडलेला असतो. त्याच्या काळात आला की त्याच्याही आधीचा, हे आता कुणाला सांगता येत नाही. छत गळतंय, तळाच्या फळ्या कुजल्यात, गादीत उंदरांनी संसार मांडलाय. नव्या मालकाला ट्रेलरचे पैसे नकोत. उलट पदरमोड करून तो न्यायला लावायची त्याची तयारी आहे. तो भंगारवाल्याला फोन लावतो. पलीकडून पहिला प्रश्न येतो, ‘टायटल आहे का?’

नसतं. इथून पुढं जे सुरू होतं ते वरवर कारकुनी कटकटीसारखं दिसतं, आणि अमेरिकेत त्याची चर्चाही बहुतेक त्याच पातळीवर चालते: कुठला फॉर्म, कुठली खिडकी, किती डॉलर. मला त्यात मालकी या कल्पनेतलीच एक उणीव दिसते. वस्तू मिळवायची कशी, राखायची कशी, गहाण टाकायची कशी, वारसाला द्यायची कशी, याचे नियम माणसानं हजारो वर्षं घासूनपुसून लख्ख केले. ती सोडायची कशी, याबाबत कायदा अजून चाचपडतो. आणि त्या चाचपडण्याचा भुर्दंड जो रीतसर वागायला जातो त्यालाच जास्त पडतो.

टायटल म्हणजे राज्याच्या वाहन खात्यानं दिलेला मालकीचा दाखला. आपल्याकडे आरसीकडेच लोक नोंदणी आणि मालकी अशा दोन्ही अर्थांनी पाहतात. तिकडे गाडी रस्त्यावर चालवायची नोंदणी वेगळी आणि टायटल वेगळं. गाडी विकताना मालक टायटलच्या पाठीवर सही करतो, घेणारा ते खात्यात नेऊन आपल्या नावावर करून घेतो. कर्ज असेल तर त्याचा बोजा टायटलवर चढतो. सातबारा पाहिलेल्या माणसाला यात नवीन काही वाटणार नाही.

हा कागद जन्माला आला तो चोरांमुळे. मोटारी चोरून राज्याच्या हद्दीपलीकडे नेऊन विकण्याचा धंदा इतका फोफावला की १९१९ साली अमेरिकी संसदेला ‘डायर अ‍ॅक्ट’ करून तो केंद्रीय गुन्हा ठरवावा लागला. पुढं राज्याराज्यांनी टायटलचे कायदे केले. १९५५ साली त्यांच्यासाठी जो नमुना कायदा तयार झाला त्याच्या नावातच ‘टायटल’च्या शेजारी ‘चोरीविरोधी’ असा शब्द होता. १९८१च्या मॉडेलांपासून प्रत्येक गाडीला १७ अक्षर-अंकांचा ठरावीक साच्याचा क्रमांक आला. त्याला तिकडे ‘व्हिन’ म्हणतात, आपल्या चासी नंबरचाच भाऊ. १९९२च्या आणखी एका चोरीविरोधी कायद्यातून टायटलांची देशव्यापी संगणकीय नोंद उभी राहिली, आणि २००९पासून भंगारवाल्यांनाही आपल्याकडे आलेल्या प्रत्येक गाडीची माहिती तिथं दरमहा कळवणं बंधनकारक झालं. म्हणून तो फोनवरचा माणूस टायटल मागतो. त्याला आडमुठेपणा करायचा नसतो. त्याचा परवाना पणाला लागलेला असतो.

या सगळ्या बांधणीमागं एक गृहीत आहे: वस्तू हवीशी असते. मालकाला ती ठेवायची असते, चोराला पळवायची असते, बँकेला जप्त करायची असते, आणि कायद्यानं या ओढाताणीत न्याय करायचा असतो. वस्तू कुणालाच नको असेल तर काय, हा प्रश्न या बांधणीला कधी पडलाच नाही. मोटारीच्या बाबतीत पडायची गरजही नव्हती. मोटार कितीही मोडली तरी ती टनभर पोलाद असते आणि पोलादाला भाव असतो. कुणीतरी ती उचलतंच.

आरव्हीचं तसं नाही. आरव्ही म्हणजे चाकांवरचं घर: स्वतःच्या इंजिनानं चालणारं मोटरहोम, किंवा गाडीमागं ओढायचा ट्रेलर. अमेरिकेतल्या बहुतांश आरव्ही इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट या गावाच्या आसपास बनतात. कारखान्यात पाहावं तर मोटारउद्योगापेक्षा सुतारकामच जास्त दिसेल. लाकडी चौकटी, त्यांत फोम, वरून फायबरग्लासचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पत्रा, छतावर रबराचं आवरण, आणि सगळं स्टेपल, स्क्रू आणि गोंदानं धरलेलं. घराइतकं हलकं बांधायचं आणि ताशी शंभर किलोमीटरनं हादरवायचं, असा हा प्रकार आहे. सांध्यातून एकदा पाणी आत गेलं की लाकूड कुजतं, फोम भिजतो, बुरशी येते. शिवाय आत अमोनियावर चालणारा फ्रीज, प्रोपेनच्या टाक्या, शिशाच्या बॅटऱ्या आणि मैल्याची टाकी. हे सगळं सुटं करून, निचरा करून, उरलेला कचरा वजनावर पैसे मोजून डेपोत टाकायचा, आणि शेवटी हाती काय, तर खालची पोलादी चौकट आणि आस. भंगारवाल्याचा हिशोब उणे येतो. टायटल असलं तरी पुष्कळ यार्डं आरव्ही घेत नाहीत. घेणारी उलटे पैसे मागतात. टायटल नसेल तर नकार द्यायला आयतं कारणच मिळतं.

करोनाच्या काळात विमानं आणि हॉटेलं बंद असताना अमेरिका आरव्हीवर तुटून पडली. २०२१ साली कारखान्यांतून सुमारे ६ लाख आरव्ही बाहेर पडल्या. तो उच्चांक होता. त्याच साली ‘नोमॅडलँड’ या चित्रपटाला ऑस्कर मिळालं आणि व्हॅनमध्ये राहून देशभर हंगामी मजुरी करत फिरणाऱ्या वृद्धांचं जग घराघरांत पोचलं. त्याआधी साठ वर्षं याच वाहनाला स्वच्छंदाचं वलय होतं. जॉन स्टाइनबेक १९६० साली ज्या ट्रकवरच्या छोट्या घरातून कुत्र्याला घेऊन अमेरिका पाहायला निघाला, तो ट्रक आज कॅलिफोर्नियातल्या सलिनस गावी त्याच्या नावाच्या संग्रहालयात जपून ठेवलेला आहे. बाकीच्यांना संग्रहालय मिळणार नाही. २०२१च्या त्या लाखो गाड्या आणखी वीस-पंचवीस वर्षांनी कुणाच्या तरी परसात नाहीतर कुठल्या तरी रस्त्याच्या कडेला उभ्या असतील.

वस्तू टाकली म्हणजे मालकी संपते का? रोमन कायदेपंडितांत यावर दोन तट होते. एका बाजूचं म्हणणं: सोडून देण्याच्या इराद्यानं मालकानं वस्तू टाकली की त्याच क्षणी तो मोकळा. प्रोकुलस नावाचा पंडित म्हणे, तसं नाही. दुसरं कुणी ती ताब्यात घेईपर्यंत मालक पहिलाच. सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियननं जे संकलन करवून घेतलं त्या ‘डायजेस्ट’मध्ये हा वाद नोंदलेला आहे, आणि तिथं कौल पहिल्या बाजूला मिळाला आहे. शतकानुशतकं हा वाद परीक्षेपुरता राहिला असेल, कारण टाकलेली वस्तू आणि उचलणारा हात यांत फारसं अंतर नसे. फुटकं भांडंही कुणाला तरी हवं असे. आरव्हीच्या बाबतीत ते अंतर संपतच नाही. टाकली तरी उचलायला कुणी येत नाही, आणि डायजेस्टनं नाकारलेला प्रोकुलस व्यवहारात जिंकतो.

अमेरिकी कायदेपंडितांनाही हे अलीकडेच जाणवलं असावं. २०१० साली दोन प्राध्यापकांनी या विषयावर एकमेकांसमोर ठेवावेत असे निबंध लिहिले: लिओर स्ट्राहिलेविट्झ यांचा ‘टाकून देण्याच्या हक्का’वर, आणि एद्वार्दो पेन्याल्व्हेर यांचा हा हक्क मुळात भासमान आहे असं सुचवणारा. दुसरी बाजू मला जास्त पटते. टाकायला जागा लागते. दुसऱ्याच्या जमिनीत टाकलं तर ते अतिक्रमण, रस्त्यावर टाकलं तर गुन्हा. ज्याच्याकडे परस आहे तो वस्तूकडे पाठ फिरवून ती ब्लॅकबेरीच्या स्वाधीन करू शकतो. ज्याच्याकडे परस नाही त्याला तेवढीही चैन परवडत नाही. टाकून देण्याचा हक्क अशा रीतीनं जमीनमालकाचा हक्क होऊन बसतो.

टायटल नसलेल्याला वाटा अगदीच नाहीत असंही नाही. टायटल हरवलं असेल आणि खात्याच्या दफ्तरी नाव त्याचंच असेल, तर किरकोळ फी भरून दुसरी प्रत मिळते. त्यावर वेळ घालवायचं कारण नाही. कर्ज फेडूनही बोजा उतरवायचा राहिला आणि मधल्या काळात बँकच बुडाली, असंही होतं. तेव्हा ठेवींचा विमा उतरवणारं केंद्रीय महामंडळ, एफडीआयसी, बुडालेल्या बँकेच्या वतीनं बोजा उतरल्याचा कागद देतं. मला ही तरतूद फार आवडते. मेलेल्या संस्थेच्या वतीनं सही करणारा कुणीतरी सरकारनं नेमलेला आहे. हरवलेल्या मालकाच्या वतीनं सही करणारा मात्र नाही.

खरी अडचण तिथंच असते. गाडी साध्या विक्रीपावतीवर चार हातांतून फिरलेली असते, मधल्या कुणी आपल्या नावावर करून घेतलेली नसते, आणि दफ्तरातला माणूस मेलेला तरी असतो नाहीतर परागंदा. टेक्साससारख्या राज्यांत यावर हमीपत्राचं टायटल मिळतं: गाडीच्या किमतीच्या दीडपट रकमेचं हमीपत्र घ्यायचं, म्हणजे खरा मालक पुढंमागं उगवलाच तर त्याची भरपाई होईल. ज्या वस्तूची किंमत शून्याखाली आहे तिच्या दीडपट हमी घेण्यातला विनोद कायद्याला दिसत नसावा. व्हरमाँट या चिमुकल्या राज्यानं तर नकळत देशभरच्या बिनकागदी गाड्यांना आसरा दिला होता. तिथं पंधरा वर्षांहून जुन्या गाडीला टायटल लागत नसे, आणि परराज्यातल्या माणसालाही टपालानं नोंदणी करून घेता येई. मग काय, व्हरमाँटचं तोंडही न पाहिलेल्या गाड्या तिथल्या नंबराच्या झाल्या. २०२३ साली ती फट बुजवली गेली.

आणि मग करवत. आरव्ही परसातच कापायची, लाकूड-फोम-फायबरचे ढीग करायचे, बांधकामाच्या राडारोड्यासारखे फेऱ्या मारून डेपोत टाकायचे. पुष्कळ जण शेवटी हेच करतात. फळी-फळी सुटी झाल्यावर तिच्या मालकीबद्दल कुणी विचारत नाही. कचरा हा कुणाच्याही नावावर चालतो. उरते चौकट, आणि चौकटीवर असतो तो क्रमांक. क्रमांक खरवडून टाकणं हा केंद्रीय गुन्हा आहे. म्हणजे छत, भिंती, चूल, बिछाना, सगळं बिनबोभाट गेलं तरी कायद्याच्या दृष्टीनं गाडी तिथंच उभी आहे, त्या पत्र्याच्या पट्टीत.

आता रस्त्याच्या कडेला या. वॉशिंग्टन राज्यातल्याच सिअ‍ॅटल शहरात एका जागी ७२ तासांहून जास्त वेळ गाडी उभी ठेवता येत नाही. पालिकेनं ठरवलं तर नोटीस चिकटते आणि टोवाला गाडी ओढून नेतो. मालक आला नाही, किंवा वाढत चाललेलं भाडं भरू शकला नाही, तर ठरावीक दिवसांनी गाडीचा लिलाव होतो, आणि लिलावात घेणाऱ्याला हक्काचे कागद मिळतात. आधीच्या मालकाचं हरवलेलं टायटल इथं आडवं येत नाही. जो प्रश्न परसातल्या सज्जनाला वर्षभर टांगून ठेवतो तो टोवाल्याच्या आवारात काही आठवड्यांत निकाली निघतो. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! टायटल नसलेल्या आरव्हीतून सुटायची सर्वांत सोपी वाट कोणती, असं कुणी थंड डोक्यानं विचारलं, तर उत्तर येतं: रात्री नेऊन रस्त्यावर सोडा. कायदा ज्याला मना करतो त्यालाच बक्षीस देतो.

लिलावात या गाड्या घेतं कोण? पडीक मोटरहोम दोन-चारशे डॉलरला घ्यायची, ढकलत नेऊन रस्त्याकडेला लावायची आणि बेघर माणसाला महिन्याच्या भाड्यानं द्यायची, हा धंदा लॉस एंजेलिसमध्ये इतका रुळला की असं करणाऱ्यांसाठी बोलीभाषेत ‘व्हॅनलॉर्ड’ हे नावही पडलं. गाडी पुन्हा ओढली जाते, पुन्हा लिलाव, पुन्हा रस्ता. २०२५ सालापर्यंत कॅलिफोर्नियात पाचशे डॉलरपर्यंतच्याच बेवारस गाड्या लिलाव टाळून थेट मोडीत काढता येत. किंमत त्याच्या वर लावली गेली की गाडी या फेऱ्यात सापडे. मोडकळीस आलेल्या मोटरहोमची किंमत पाचशे की सहाशे, हे ठरवणाऱ्याच्या पेनावर तिचं भवितव्य ठरे.

या ओढून नेण्याची दुसरी बाजू २०२१ साली वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापुढं आली. सिअ‍ॅटलमधला एक कारागीर आपल्या ट्रकमध्येच राहत होता. त्याची हत्यारंही त्यातच. २०१६ साली ट्रक एका जागी नियमाहून जास्त काळ उभा राहिला म्हणून पालिकेनं तो उचलला आणि सोडवायचा म्हणून पाचशेहून जास्त डॉलर त्याच्या माथी मारले. न्यायालयानं म्हटलं, हा ट्रक राज्याच्या घरसंरक्षण कायद्याच्या अर्थानं त्याचं घर आहे. आणि त्याच्या ऐपतीकडे न पाहता लादलेला हा खर्च म्हणजे घटनेनं मना केलेला जबर दंड आहे. या निकालानं रस्त्यावरच्या गाड्यांचा प्रश्न अवघड करून ठेवला अशी तक्रार मी वाचली आहे. मला वाटतं, तो अवघड होताच. निकालानं तसं कबूल केलं.

सोडणं आणि हिसकावणं या दोन वेगळ्या क्रिया आहेत, आणि अमेरिकी वाहन कायद्यानं त्यांच्या वाटा उलट्यापालट्या बांधल्या आहेत. स्वेच्छेनं सोडायला येणाऱ्याकडून तो मालकीचा लखलखीत पुरावा मागतो. हिसकावून नेणाऱ्या संस्थेला त्या पुराव्याच्या अडचणीवरून अलगद पलीकडे जाऊ देतो. व्हायला हवं नेमकं उलट. जो स्वतः दार वाजवून ‘ही घ्या’ म्हणतो त्याला फार प्रश्न विचारू नयेत. जो दुसऱ्याच्या डोक्यावरचं छत काढायला निघालाय त्याच्यासमोर सगळे कागद, सगळ्या सुनावण्या, सगळा विलंब उभा करावा.

चोरीचा आक्षेप लगेच येईल: टायटलशिवाय घ्यायला लागलात तर चोरांचं फावेल. मोटारींच्या बाबतीत हा आक्षेप खरा आहे. काही राज्यांत, जॉर्जिया हे त्यातलं एक, ठरावीक वयाहून जुनी आणि किरकोळ किमतीची गाडी विकणाऱ्याच्या सहीच्या निवेदनावर भंगारात देता येते. आणि पोलादाचा भाव चढला की जुन्या गाड्या रात्रीत गायब होण्याची भीती तिथं असतेच. पण हा आक्षेप उभा आहे तो पोलादाच्या भावावर. जी वस्तू मोडीत द्यायला पदरचे हजारो डॉलर मोजावे लागतात ती चोरून मोडीत घालणारा चोर मी तरी कल्पू शकत नाही. त्यातूनही शंका असेल तर देशव्यापी नोंद आहे. क्रमांक टाकून गाडी चोरीची आहे का ते मिनिटात कळतं. दफ्तरी असलेल्या शेवटच्या पत्त्यावर नोटीस पाठवा, काही दिवस थांबा, फोटो काढून ठेवा. एवढ्यावर भागायला हवं.

वॉशिंग्टनमध्ये यातलं बरंच आजही आहे, हे सांगायला हवं. जमीनमालकानं बोलावलं की पोलीस अधिकारी येऊन गाडी पाहतो आणि ती भंगार असल्याचा दाखला देतो. गाडी तीन वर्षांहून जुनी, मोठं नुकसान झालेली, चालू न होणारी, आणि किंमत जेमतेम भंगाराइतकी, या चारपैकी तीन गोष्टी भरल्या पाहिजेत. मग मालकाला नोटीस जाते, आणि तो आला नाही तर जमीनमालक गाडीची विल्हेवाट लावू शकतो. शहाणी तरतूद आहे. ती मालकी कुणाची हा प्रश्न बाजूला ठेवून गाडी कसली हा प्रश्न विचारते, आणि शेवटाच्या वेळी विचारण्यासारखा प्रश्न तोच आहे. तिची गोची एवढीच की ती ज्याच्या जमिनीत गाडी पडलीय त्याच्यासाठी आहे, आणि त्या अधिकाऱ्याला परसातले ट्रेलर मोजण्याहून निकडीची कामं असतात. तेवढं एक काम पोलिसांकडून काढून वाहन खात्याच्या निरीक्षकाकडे दिलं तरी पुष्कळ फरक पडेल.

मला चोरीपेक्षा दुसरी भीती जास्त खरी वाटते. सोडण्याची वाट रुंद केली की तिच्यावरून दुसऱ्याचं घरही सोडून देता येईल. ट्रेलर पार्कचा मालक भाडं थकवणाऱ्याचा ट्रेलर ‘बेवारस’ म्हणून देऊन टाकेल. वडील गेल्यावर परसातल्या आरव्हीत राहणाऱ्या भावाला दुसरा भाऊ याच मार्गानं बाहेर काढेल. इथं किंमत हा निकष चालत नाही. बाजारात उणे किमतीची गाडी आत झोपणाऱ्याला सर्वांत मोलाची असू शकते, आणि टायटल त्याच्याकडेही नसतं. म्हणून सुलभ वाटेला एकच कडक अट हवी: आत कुणी राहत नाही याची प्रत्यक्ष पाहणी. राहत असेल तर तो वाहनाचा मामला राहत नाही, घराचा होतो, आणि घरं रिकामी करण्याचे नियम वेगळे आहेत.

खर्चाचा प्रश्न राहतोच. वॉशिंग्टननं २०१८ साली आरव्हीच्या वार्षिक नोंदणीवर ६ डॉलरचा आकार लावला. त्यातून सार्वजनिक जागेवर टाकलेल्या आरव्ही उचलून मोडणाऱ्यांना पैसे मिळतात. कल्पना चांगली, पण पैसा पुन्हा टाकून पळालेल्याच्या कामी येतो. युरोपानं अठरा वर्षं आधी वेगळा विचार केला. तिथल्या २०००च्या निर्देशानुसार २००७पासून कुठलीही मोटार तिच्या शेवटच्या मालकाकडून फुकट परत घ्यावी लागते, आणि वस्तूची बाजारात किंमत उणेही असू शकते हे त्या निर्देशाच्या मजकुरातच मान्य केलेलं आहे. फ्रान्सनं २०१९पासून हौशी बोटींनाही असाच न्याय लावला. बोट आणि आरव्ही ही एकाच जातीची, फायबरची, हौसेनं घेतलेली आणि पुढं गळ्यात पडणारी. मोडायचा खर्च बनवणाऱ्याकडून आधीच वसूल केला की शेवटच्या हातावर तो येत नाही. आणि शेवटचा हात बहुतेक वेळा सर्वांत गरीब असतो. एल्कहार्टहून नवी कोरी मोटरहोम घेणाऱ्या निवृत्त दांपत्यापासून ती विक्रीपावत्यांवर घरंगळत खाली येते, आणि जिथं थांबते तिथं बिल येतं.

कॅलिफोर्नियातल्या बर्कली शहरानं रस्त्यावरच्या आरव्हीत राहणाऱ्यांना, राहायला जागा देताना, त्यांच्या गाड्या लांबीच्या दर फुटाला १७५ डॉलर या भावानं विकत घ्यायची तयारी दाखवली. इंजिन, मॉडेल, साल, काही नाही, फूटपट्टी. पहिल्यांदा ऐकताना हसू येतं. पण ओढणं, ठेवणं, लिलाव करणं आणि पुन्हा ओढणं याचा खर्च मांडला तर हा भाव महाग वाटत नाही. ‘ही घ्या’ म्हणणाऱ्याला उलट पैसे देणारी व्यवस्था अस्तित्वात येऊ शकते, एवढं त्यातून सिद्ध होतं. घराची सोय न करता नुसती गाडी विकत घेतली, तर मात्र तो हिसकावण्याचाच सभ्य प्रकार होईल.

आपल्याकडे परसात आरव्ही कुजत नाहीत, पण शेवटच्या हाताची गोष्ट ओळखीची आहे. गाडी विकली, २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर सह्या करून दिल्या, घेणाऱ्यानं आरटीओत नाव बदललंच नाही. गाडी आणखी दोघा-तिघांकडे गेली आणि अपघात झाला. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली सांगितलं की दफ्तरी ज्याचं नाव तोच मालक, भरपाई त्याच्यावर. प्रोकुलसला हे आवडलं नसतं. दुसऱ्यानं ताबा घेतल्यावरही इथं पहिला सुटत नाही. गाडी मोडीत काढली तर चौदा दिवसांत कळवून नोंदणी रद्द करून घ्यावी असं मोटार वाहन कायद्याचं ५५वं कलम सांगतं, आणि त्यासाठी चासी नंबरचा कापलेला तुकडा आरटीओत जमा करावा लागतो. कुर्ल्याच्या भंगारबाजारात गाडी देऊन आलेले किती जण हा तुकडा मागून घेतात, हे सुज्ञांनी आपापल्या घरात विचारावं.

२०२१च्या नियमांनी आपल्याकडे अधिकृत भंगार केंद्रं आणि तिथं गाडी दिल्याचं ठेव प्रमाणपत्र आणलं. ते दाखवलं की नव्या खासगी गाडीच्या करात पंचवीस टक्क्यांपर्यंत सूट देता येते. १ एप्रिल २०२५पासून आयुष्य संपलेल्या वाहनांची जबाबदारी उत्पादकावर टाकणारे पर्यावरण नियमही लागू झाले. दिशा बरोबर आहे. पण ही जबाबदारी मोजली जाते ती परत मिळवलेल्या पोलादात. जिपा, ट्रक, मोटारींना हे माप बसतं. महाराष्ट्रानं २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, आणि कॅराव्हॅनची चासी एका कंपनीची असते, वरचं घर बॉडी बिल्डरचं. चासीचं पोलाद परत मिळालं की उत्पादकाचा हिशोब पुरा होतो. वरचा फोम, प्लायवूड, फायबर आणि मैल्याची टाकी कुणाच्या खात्यावर मांडायची, हे त्या नियमांच्या मापात बसत नाही. आज अशा गाड्या थोड्या आहेत. नोंदणीच्या वेळीच बॉडी बिल्डरकडून मोडणीची रक्कम घ्यायची असेल तर ती आत्ताच घेता येईल.